नवा फोन हातात आला की पहिल्या रविवारी करायची कामं

आमच्या शेजारच्या काकूंना गेल्या पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. त्यात त्यांच्या गाडीचा बरोबर नंबर, हजार रुपयांचं चलान आणि सोबत एक फाइल होती. स्कूटर काकांच्या नावावर, चालवतो नातू, आणि नातू सिग्नल पाळत नाही हे काकूंना पक्कं ठाऊक. त्यांनी फाइल उघडली. फोनने काहीबाही विचारलं, त्यांनी ‘हो, हो’ केलं. सकाळपर्यंत खात्यातले ४२ हजार गेले होते. त्याहून वाईट पुढचं: मुलगा ओरडेल म्हणून दोन दिवस त्या कुणाशी बोलल्याच नाहीत.

‘सावध राहा’ असं काकूंना आधी दहा जणांनी सांगितलं होतं. त्या दोन शब्दांवर माझा भरवसा उरलेला नाही. माणूस दमलेला असतो, घाबरलेला असतो, गॅसवर दूध असतं, दारात कुरिअरवाला उभा असतो. अशा वेळी सावधपणा टिकत नाही. म्हणून निवांत असताना फोनच असा लावून ठेवायचा, की गडबडीत चुकून ‘हो’ म्हटलं तरी थोडक्यात निभावेल. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात बसून मी बऱ्याच जणांचे फोन असे लावून दिले आहेत. त्याच क्रमाने पुढे लिहिते. फोन अँड्रॉइड आहे असं धरलं आहे, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो. कंपनीप्रमाणे सेटिंगची नावं थोडी मागेपुढे होतील. सापडलं नाही तर सेटिंग उघडल्यावर वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे शोधा.

बसण्यापूर्वी

एक वही, पेन, बँकेचं पासबुक, चार्जर आणि दोन-अडीच तास. वही खरंच लागते.

घरातल्या मुलासुनांना एक विनंती आहे. ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणून फोन हातातून घेऊ नका. ज्याचा फोन आहे त्याचंच बोट स्क्रीनवर पडलं पाहिजे, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल. तुम्ही पाच मिनिटांत सगळं करून दिलंत, तर आईला तिच्या फोनमध्ये काय आहे हे कधीच कळणार नाही. पुढे फोनवर ‘मॅडम, तुमचं खातं बंद होतंय’ असं कुणी म्हणालं, की ती ज्याला जास्त कळतं त्याच्या हाती फोन सोपवायच्या सवयीने त्याचं ऐकेल.

१. कुलूप, सिम आणि पंधरा आकडे

स्क्रीनला सहा आकडी पिन लावा. जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४५६ नको. बोटाचा ठसा सोयीचा आहे, तोही ठेवा. पण धुणीभांडी, शेती किंवा बांधकाम करणाऱ्या हातांचे ठसे झिजतात, त्यामुळे पिन पाठ हवाच.

पुढचं काम बहुतेक जण विसरतात. फोन बंद कुलपात असतानाही आलेला मेसेज वरच्या वर वाचता येतो, म्हणजे ओटीपीसुद्धा. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद स्क्रीनवर मजकूर दिसू नये असं करा. बाजारात फोन मारला गेला तर चोराला निदान ओटीपी आयता मिळणार नाही.

चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो, हेही लक्षात घ्या. त्यासाठी सिमलाच वेगळा पिन लावता येतो. तो लावण्याआधी तुमच्या सिम कंपनीचा मूळ पिन काय असतो ते विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि मग कंपनीकडून पीयूके नंबर घ्यावा लागतो.

आता डायलरवर *#०६# टाका. फोनची ओळख सांगणारे पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतील, दोन सिमच्या फोनला दोन. ते वहीत उतरवा. फोन हरवला तर आधी पोलिसांत तक्रार करायची, मग दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर हा नंबर देऊन फोन देशभरात निकामी करता येतो. फोनचं खोकं जपून ठेवलं असेल तर नंबर त्यावरही असतो, पण हरवलेल्या दिवशी ते खोकं माळ्यावरून कोण काढणार!

शेवटी अपडेट. फोन मागेल तेव्हा करू द्या. अपडेटने फोन हळू होतो, हा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. जुना फोन हळू होतोच. पण अपडेट न केलेल्या फोनची उघडी भोकं जगजाहीर झालेली असतात. फोन घ्यायचाच असेल तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा, की कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देते. उत्तर मिळत नसेल तर तो फोन मी घेणार नाही.

२. गूगल खातं

बहुतेकांना आपलं गूगल खातं आहे हेच माहीत नसतं. दुकानदाराने फोन विकताना काढून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात किंवा ‘नाव ॲट १२३’ असा. पण बँकेचा मेल, फोटो, सगळ्यांचे नंबर, बाकीच्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ असे दुवे, सगळं याच एका खात्यावर येतं. दार कितीही भक्कम असलं तरी किल्ली दुकानदाराकडे राहिली तर काय उपयोग?

सेटिंगमध्ये गूगल असं लिहिलेलं आहे तिथे जा आणि पासवर्ड बदला. चांगला पासवर्ड म्हणजे अवघड पासवर्ड नव्हे, लांब पासवर्ड. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. तुमच्या आजोळचं झाड, स्वयंपाकघरातलं भांडं, एखादा पक्षी, एखादी भाजी. चारही शब्द तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात आणि दुसऱ्याला सुचत नाहीत. तो पासवर्ड वहीत लिहा. हो, लिहाच. कागदावर पासवर्ड लिहू नये असं सांगणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ऑफिस असतं. घरातल्या कपाटातली वही चोरायला परदेशातला भामटा येत नाही. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं त्याहून कितीतरी धोक्याचं. त्यातल्या एका लहानशा संकेतस्थळावरून यादी फुटली, की उरलेली नऊ दारं उघडतात. पंचवीस-तीस खाती झाली की मग पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप, शिका, पहिल्या रविवारी त्याची घाई नको.

तिथेच टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. पासवर्ड कुणाला कळला तरी फोनवर ‘तुम्हीच आहात का?’ असं विचारल्याशिवाय खातं उघडत नाही. न मागता असा प्रश्न आला तर ‘नाही’ दाबा आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला. पासवर्ड विसरल्यास मदतीचा नंबर म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर टाका. आणि दुकानदाराने स्वतःचा टाकून ठेवलेला नाही ना, ते पाहा. आमच्या संघात दोन फोनमध्ये तसा सापडला होता.

३. बाहेरून आलेली फाइल

काकूंच्या फोनमध्ये नेमकं काय झालं ते समजून घेऊ, कारण आजकाल पैसे जाण्याची ही वाट फार वापरातली आहे.

ॲप दोन वाटांनी फोनमध्ये येतं. एक प्ले स्टोअरमधून. दुसरी वाट म्हणजे एपीके नावाची फाइल, जी व्हॉट्सॲपवर किंवा मेसेजमधल्या लिंकवरून कुणीही पाठवू शकतं. फाइलचं नाव ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’, ‘बँक केवायसी’, लग्नसराईत तर ‘लग्नपत्रिका’सुद्धा असतं. शेवटी एपीके ही तीन अक्षरं असतात. उघडली की फोन विचारतो: या ॲपला मेसेज वाचू द्यायचे का? ‘हो’ म्हटलं की तुमचा प्रत्येक ओटीपी तुमच्याआधी त्यांच्याकडे पोचतो. मग ते तुमच्याशी एक शब्दही न बोलता काम उरकतात. ‘मी कुणाला ओटीपी सांगितलाच नव्हता’ असं काकू रडून सांगत होत्या आणि ते खरं होतं.

काही ॲप्स त्याच्या पुढे जाऊन ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती खरं तर अंध किंवा हाताने अधू माणसांना फोन वापरता यावा म्हणून केलेली सोय आहे. त्यातून स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि बटणंही दाबता येतात. स्वतःला गरज नसेल तर ती कोणत्याही ॲपला देऊ नका.

आता काम. सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स अशी यादी दिसेल. प्रत्येकापुढे परवानगी बंद असल्याची खात्री करा. मग प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप हुडकणारी सोय, चालू आहे का बघा. पुढे कधी ‘ही सोय चालू करा’ असं कुणी मेसेजमध्ये सांगू लागलं, तर तिथेच ओळखा. चलान खरंच आहे का ते परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः पाहता येतं. चलान भरायला एपीके कधीच लागत नाही, आणि पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफच असते.

असाच आणखी एक मेसेज फिरतो: ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल.’ साध्या दहा आकडी नंबरवरून येतो, खाली ‘अधिकाऱ्याचा’ मोबाइल असतो. बिल भरलंय की नाही हे बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्याच ॲपवर बघा, मेसेजमधल्या नंबरला फोन लावू नका.

फाइल उघडली गेलीच असेल तर? लगेच फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद झालं ना बघा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. ॲप काढणं, फोन पुसून नव्यासारखा करणं हे त्यानंतर.

४. व्हॉट्सॲप

तीन कामं, दहा मिनिटं. अकाउंटमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, तिथे ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर काढून टाका. प्रायव्हसीमध्ये जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. शेअर बाजारात महिन्यात पैसे दुप्पट करून देणाऱ्या ग्रुपमध्ये आपण आपोआप ढकलले जातो, ते याने बरंच थांबतं.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं दोघांखेरीज कुणाला वाचता येत नाही, २०१६ पासून तशी व्यवस्था आहे. पण गूगलवर साठवलेल्या बॅकअपला ती आपोआप लागू नाही, वेगळी चालू करावी लागते. आणि समोरचा माणूस स्क्रीनशॉट काढून चार ठिकाणी पाठवू शकतो. त्यावर तंत्रज्ञानाचा इलाज नाही.

५. पैसे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिला निर्णय फोनमधला नाही, बँकेतला आहे. पेन्शन, मुदत ठेवी, उसाचं बिल ज्या खात्यात येतं ते खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजी-किराण्यापुरते पाच-सात हजार ठेवा आणि तेच फोनला जोडा. एवढ्या एका गोष्टीने जितकं नुकसान टळतं तितकं बाकी सगळ्या उपायांनी मिळून टळत नसेल, असं माझं ठाम मत आहे. बँकेतला कर्मचारी ‘कशाला दुसरं खातं?’ म्हणेल. शांतपणे, पण नक्की मागा.

मग यूपीआयच्या व्यवहाराची मर्यादा बँकेच्या ॲपमधून जितकी कमी करता येईल तितकी करा. डेबिट कार्डावर परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार वापरत नसाल तर बंद ठेवा, ती सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते.

यूपीआय पिनबद्दल एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की एक तर शिल्लक दिसते, नाहीतर पैसे जातात. जुनं लोखंडी कपाट विकायची जाहिरात टाकली, समोरचा घासाघीस न करता तयार झाला, ‘तुम्हाला क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणाला, तर तो कपाट घेणारा माणूस नाही. वाण्याच्या दुकानात क्यूआर कोण स्कॅन करतं ते आठवा. देणारा करतो, घेणारा नाही.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर तिथे वर येतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो, तो आत्ता वहीत उतरवून घ्या. संकेतस्थळाचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा पत्ता घ्यायला लावला आहे, ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्याची मुदत होती. बँकेचं पान उघडलं की शेवट तसा आहे का पाहा.

‘मदत करतो, एवढं ॲप घ्या’ म्हणून कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. त्याला तुमची स्क्रीन दिसते, म्हणजे ओटीपीही दिसतो.

ज्यांना पिन, मर्यादा हे सगळं झेपत नाही, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ आलं आहे. त्यात वडिलांच्या फोनवरून पैसे द्यायची विनंती निघते आणि मुलगी तिच्या फोनवर पिन टाकून मंजूर करते. मुलगी पुण्यात आणि वडील गावी असले तरी चालतं. पूर्ण परवानगी देऊन महिन्याला १५ हजारांपर्यंतची मर्यादाही घालता येते. मात्र वडिलांना दर चहाला मुलीची मंजुरी मागावी लागणं मला बरं वाटत नाही. माणसाचा स्वतःच्या पैशांवरचा हात काढून घेताना त्याला आधी विचारा.

६. घरातला परवलीचा शब्द

यात फोनला हात लावायचा नाही, सगळ्यांनी एकत्र बसायचं.

अनोळखी नंबर, डीपीवर पोलिसाचा गणवेश. ‘तुमचा मुलगा प्रकरणात सापडलाय, सोडवायचं तर लगेच पैसे पाठवा.’ मागे कुणी तरी रडत असतं. मुलगा दुबईला किंवा अमेरिकेत असेल, तिथे रात्र असेल, तर त्याला फोन लागत नाही आणि आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. आता तर माणसाचा आवाजही हुबेहूब काढता येतो. म्हणून घरातल्यांनी मिळून एक शब्द ठरवा. किल्ल्याच्या दारावर विचारायचे तसा परवलीचा शब्द. तो कुठेही टाइप करायचा नाही. संकटाचा फोन आला की तेवढंच विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की फोन ठेवायचा.

व्हिडिओ कॉलवरची ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. पोलीस, सीबीआय, ईडी यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, तुम्हाला खोलीत कोंडून बसवत नाही, आणि ‘तपासणीसाठी’ तुमचे पैसे दुसऱ्या खात्यात मागवत नाही. या फसवणुकीचं हत्यार एकच: ‘कुणाला सांगू नका.’ ते वाक्य ऐकलं की उठून शेजाऱ्याचं दार वाजवा.

७. आपली माहिती

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय. काकूंकडेही काही नव्हतं. पण मेसेजमधला गाडीचा नंबर बरोबर होता म्हणून त्यांनी फाइल उघडली. खोट्या गोष्टीत दोन खरे तपशील घातले की ती खरी वाटते, आणि ते तपशील आपणच दुकानातून, फॉर्मवरून, सोडतीच्या कूपनवरून वाटत असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क रोज बिलाच्या काउंटरवर वापरायचा असतो. कापडाच्या दुकानात ‘मोबाइल नंबर सांगा’ म्हटलं की ‘द्यायचा नाही’ म्हणा. नंबरशिवाय बिल होत नाही असं दुकानदाराला म्हणता येत नाही, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये तसं कळवलेलं आहे. पहिल्यांदा जड जातं, चौथ्यांदा सवय होते.

झेरॉक्सच्या दुकानाचं काय करायचं, हा प्रश्न खरा अवघड. आपण आधार, पॅन, पासबुक व्हॉट्सॲपवर त्या पोराला पाठवतो, तो प्रिंट काढतो आणि फाइल त्याच्या संगणकात राहते. जिथे चालत असेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. तो आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो आणि त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. प्रिंट झाली की समोर उभं राहून ‘बाळा, फाइल डिलीट कर’ म्हणा. प्रतीवर पेनाने तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं लिहा. कुणी राग धरत नाही.

आधारचे बोटांचे ठसेही कुलूपबंद करता येतात. अंगठा लावून पैसे काढायची सोय गावोगाव झाली आणि तिच्या मागोमाग नक्कल केलेल्या ठशांनी पैसे उचलल्याच्या तक्रारीही आल्या. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये त्यासाठी बायोमेट्रिक लॉक आहे. लावा, पण लक्षात ठेवा: रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल किंवा पेन्शनचा हयातीचा दाखला काढायचा असेल, तर जाण्याआधी ते उघडावं लागतं. मशिनवर अंगठा लागेना म्हणून बिचारी म्हातारी माणसं परत येतात, तसं व्हायला नको. आधारचा मदत क्रमांक १९४७.

‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघा. एका व्यक्तीला जास्तीत जास्त ९ घेता येतात, ईशान्येकडच्या राज्यांत आणि जम्मू-काश्मीरमध्ये ६. आपलं नसलेलं दिसलं तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ असं कळवता येतं.

ॲपच्या परवानग्या एकदा नजरेखालून घाला. विजेरीच्या ॲपला तुमचे नंबर कशाला हवेत? कर्ज देणाऱ्या ॲपने तर कॉन्टॅक्टची यादी, फोटो, कॉलची नोंद मागायचीच नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे. जे ॲप मागतं ते उद्या तुमच्या व्याह्यांना फोन करून तुमची अब्रू काढणार, हे धरून चाला.

स्टेशनवरच्या चार्जरची, मॉलच्या वाय-फायची भीती फार पसरवली जाते. स्वतःचा चार्जर असेल तर तो वापरा, पण तेवढी शक्ती एपीके ओळखायला खर्च करा. विकतचा अँटिव्हायरस घ्यायची गरज मला वाटत नाही. आणि क्रोममधलं इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नव्हे. त्याने फक्त आपल्याच फोनमध्ये नोंद राहत नाही, ज्या पानावर गेलात त्यांना तुम्ही गेलात हे दिसतंच.

८. तरीही झालंच तर

पैसे गेलेले लक्षात आले की पहिला फोन १९३०. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पलीकडचा माणूस विचारेल: बँकेचं नाव, खातं, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा नंबर. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. ही माहिती लगेच पुढच्या बँकांना जाते आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथे अडवले जातात. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. म्हणून इथे मिनिटांचा हिशेब आहे. नंबर लागत नसेल तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

दुसरा फोन बँकेला. खातं, कार्ड, यूपीआय गोठवायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. क्रमांक न देता ‘बघतो’ म्हणाले तर ते कळवणं नव्हे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात यावर स्पष्ट लिहिलं आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर काही बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत. तुम्हीच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक आपलीच होती असं वाटत असलं तरी लगेच कळवायचं ते यासाठी.

मेसेज, कॉलची नोंद, ती फाइल, काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट काढा. लाज वाटते म्हणून सगळं डिलीट करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि नंतर पोलिसांना दाखवायला त्यांच्या हातात काही उरत नाही.

घरच्यांनी त्या दिवशी एकही प्रश्न ‘का’ने सुरू करू नये. का उघडलंस, का सांगितलं नाहीस, हे सगळं नंतर. काकूंनी पहिल्याच सकाळी सांगितलं असतं तर बहुधा बरंच वाचलं असतं. दोन दिवसांनी तक्रार झाली तेव्हा पुढच्या एका खात्यात ११ हजार अडवता आले, बाकीचे काढून नेलेले होते. अडवलेले पैसे आपोआप परत आले नाहीत, त्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागला. पोलीस ठाण्यात अर्जाची प्रत घेऊन दोन-तीन फेऱ्या झाल्या. काकूंबरोबर मी गेले होते, अकरा हजार परत आले.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी नंबर १४४४८. बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत आणि क्रमांक तिथे जोडावा लागतो, म्हणून तो वहीत त्याच दिवशी, तारखेसह लिहून ठेवा.